पिट्युटरीची गाठ : ऑपरेशनआधी प्रोलॅक्टिन बघा

प्रश्न : पत्नीचं वय 34. आठ महिने पाळी नाही, स्तनांतून दूध येतं, डोकं दुखतं. एमआरआयमध्ये पिट्युटरीत (मेंदूखालच्या हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीत) 14 मिलिमीटरची गाठ दिसली. नाकातून ऑपरेशन करायला सांगितलंय. करून टाकावं का?

उत्तर : रक्तातलं प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) तपासल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. सोबत गरोदरपणाची चाचणी, थायरॉइड आणि सकाळी आठचं कॉर्टिसॉल (ताण पेलायला लागणारं हार्मोन) करा. दर मिलिलिटरला 200 नॅनोग्रॅमच्या वर प्रोलॅक्टिन आलं, तर ती बहुधा प्रोलॅक्टिनोमा, म्हणजे प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ. तिच्यावर पहिला उपचार कॅबरगोलिनच्या गोळ्यांचा. सुरुवात साधारणपणे 0.25 मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा, रात्री जेवणानंतर; उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, चक्कर येते. बहुतेकींची गाठ काही महिन्यांत आक्रसते. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितो : पाळी सुरू होण्याआधीच दिवस राहू शकतात. मूल नको असेल तर पहिल्या गोळीपासून काळजी घ्या.

आकडा शंभराच्या आत असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याच प्रकारची गाठ ग्रंथीच्या देठावर दाबत असेल, तरीही प्रोलॅक्टिन थोडं चढतं. अशा वेळी गोळीनं आकडा उतरतो, गाठ मात्र तशीच वाढत राहते आणि सगळे निर्धास्त. डॉम्पेरिडोनसारख्या उलटीच्या आणि काही मानसिक आजारांच्या औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढतं. चालू गोळ्यांची यादी घेऊन एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) जा.

डोळ्यांची फील्ड तपासणीही (समोर बघताना बाजूचं कुठवर दिसतं ती) करून घ्या. गाठ वर सरकली की दोन्ही बाजूंच्या कडांचं दिसेनासं होतं. रस्ता ओलांडताना बाजूची गाडी चुकते, समोरचं मात्र नीट वाचता येतं. नजर झपाट्यानं जात असेल, किंवा अचानक असह्य डोकं दुखून उलट्या झाल्या, तर थेट इमर्जन्सी गाठा.

प्रश्न : वडिलांचं हेच ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले. वाकलं की एका नाकपुडीतून पाणी गळतं. सर्दी असेल का?

उत्तर : सर्दी समजू नका. पाण्यासारखं पातळ, चवीला खारट, वाकल्यावर वाढणारं असेल तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं; त्या वाटेनं जंतू आत शिरून मेंदूज्वर होतो. आजच सर्जनना कळवा. तोवर डोकं उंचावर ठेवून झोपवा. नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची, शौचाला कुंथायचं नाही. साधारण सातव्या दिवशी सोडियम तपासा : ते घसरलं की मळमळ, सुस्ती, असंबद्ध बोलणं सुरू होतं.