पिसाला जाताय तर वर चढा

प्रश्न: मे महिन्यात आम्ही चौघं इटलीला चाललोय, मी, नवरा, 6 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. टूरवाले म्हणतात पिसाला दीड तास, बाहेरून फोटो काढा आणि बसमध्ये बसा. नवऱ्याला तिथल्या कललेल्या मनोऱ्यावर चढायचंय. मला कललेल्या बिल्डिंगवर चढायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. काय करू? असं काय आहे वर?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: आधी हे सांगते, मुलाला वर सोडणार नाहीत. 8 वर्षांखालच्या मुलांना बंदी आहे, तिथे हट्ट-बिट्ट काही चालत नाही. लिफ्टही नाही, अडीचशेच्या वर पायऱ्या आहेत, रोज दादरचा ब्रिज चढणाऱ्यालाही धाप लागते. म्हणजे आजी-नातू खाली, तुम्ही दोघं वर, वाद मिटला.

भीतीचं म्हणाल तर 1989 ला इटलीतल्याच पाव्हिया गावातला असाच एक जुना घंटेचा मनोरा कोसळला, माणसं गेली, त्या धसक्याने 1990 मध्ये पिसाचा बंद केला तो थेट 2001 च्या डिसेंबरला उघडला. मधल्या काळात कललेल्या बाजूच्या विरुद्ध, म्हणजे उत्तर बाजूच्या पायाखालची माती ड्रिल करून थोडी थोडी काढली, त्यामुळे ती बाजू खाली बसली आणि मनोऱ्याचा माथा चाळीसएक सेंटीमीटर मागे आला. आपल्याकडे शेजारी खोदकाम सुरू झालं की सोसायटीवाले घाबरतात, तिथे खोदूनच थोडा सरळ केला!

आणि हो, हा मुळात कॅथेड्रलचा घंटेचा मनोराच आहे, हे फोटोत हात टेकवणाऱ्या निम्म्या लोकांच्या गावीही नसतं. वर 7 घंटा आहेत, सगळ्यात मोठी 1654 ची, साडेतीन टनांहून जड. काम 1173 ला सुरू झालं, तिसऱ्या मजल्यापर्यंत येईस्तोवर जमीन खचायला लागली, मग लढायांमुळे जवळपास शंभर वर्षं काम ठप्प. तेवढ्यात खालची माती दबून घट्ट झाली म्हणून तो टिकला, नाहीतर तेव्हाच आडवा झाला असता. पुढच्या गवंड्यांनी कललेल्या बाजूला मजले थोडे उंच बांधले, म्हणून नीट बघितलंत तर मनोरा केळ्यासारखा किंचित वाकडा दिसेल.

पण खरी गंमत जिन्यात. जिना भिंतीच्या आतून गोल गोल जातो, संगमरवराच्या पायऱ्या पाय पडून पडून झिजून खोलगट झाल्यात, आणि चढताना आपण एकदा आपोआप एका भिंतीला टेकतो, अर्धा फेरा झाला की दुसऱ्या भिंतीला, डोळ्यांना काही दिसत नसतं पण पायांना कळतं की मनोरा कललाय. हे फोटोत येत नाही हो. आपला राजाबाई टॉवर उंचीला याच्याहून जास्त, 85 मीटर, पण तिथे कुठे आपल्याला वर सोडतात!

टूरवाल्याला आत्ताच सांगून ठरलेल्या वेळेचं तिकीट काढा, वर जाऊन यायला साधारण अर्धा तासच मिळतो, दीड तासात आरामात बसतं. ग्रिपचे बूट घाला, पाऊस झाला की संगमरवर जाम घसरतो. पर्स-सॅक वर नेऊ देत नाहीत, त्या सासूबाईंकडेच द्या, लॉकरची रांग वाचेल.