जाळं टांगलं, त्यात शिल्प कुठं?

प्रश्न: मी अलिबाग तालुक्यातला. सासवन्याचं करमरकर शिल्पालय, म्हणजे शिल्पकार करमरकरांच्या शिल्पांचं संग्रहालय, लहानपणापासून बघत आलोय. मुलगी मुंबईत शिल्पकला शिकते. सुट्टीत घरी आली की मातीला हात लावत नाही. बंदरावर टाकून दिलेली जाळी, दोर, बोये गोळा करते, पडवीत टांगते आणि याला शिल्प म्हणते. यात तिनं घडवलं काय? की हा मेहनत टाळायचा मार्ग आहे?
– एक वाचक

उत्तर: करमरकरांचं म्हशीचं शिल्प बघून वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडायलाच हवा. मीही त्याच वाटेनं शिकले. सांगाडा उभारायचा, शाडू चढवायचा, प्लास्टरचा साचा काढायचा, मग ओतकाम. पण या वाटेवर ब्राँझ किंवा सिमेंट हे केवळ साधन असतं. बघणारा म्हैस बघतो. सिमेंट कुठून आलं, हे कुणी विचारत नाही. गेल्या काही दशकांत पुष्कळ शिल्पकार तेच विचारायला लागले.

बंगळूरच्या शिल्पकार शीला गौडा यांचं 'बिहोल्ड' हे काम घ्या. २००९ साली ते व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात होतं. त्यात मोटारींचे स्टीलचे बंपर आहेत आणि माणसांच्या केसांची सुमारे चार किलोमीटर दोरी. बंगळूरकडे गाडीला दृष्ट लागू नये, अपघात टळावा म्हणून बंपरला केसांची दोरी बांधतात. नवस फेडताना देवळात उतरवलेले लांब केस विगांच्या व्यापारात जातात, आखूड केसांच्या अशा दोऱ्या वळतात. गौडांनी बंपर ओतला नाही, केसांना कसला आकारही दिला नाही. त्यांनी एवढंच केलं, की जड पोलाद या काळ्या दोरीवर लटकवलं. रस्त्यावर दोरी गाडीला सांभाळते असा विश्वास असतो. इथं ती खरोखरच पोलाद पेलते. किती माणसांची भीती आणि नवस त्या दोरीत आहेत! हेच केस मातीत घडवून ब्राँझमध्ये ओतले असते, तर यातलं काही उरलं नसतं. म्हणून मी याला शिल्प म्हणते, आणि मोठं शिल्प म्हणते.

तयार वस्तू उचलून मांडण्याची चाल तशी जुनी. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंतानं १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला शिल्प म्हणून मुतारीचं भांडं पाठवलं, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. ते मूळ भांडं हरवलं. आज संग्रहालयांत दिसतात त्यातल्या बऱ्याच प्रती १९६४ साली जुन्या फोटोवरून मुद्दाम घडवून घेतलेल्या आहेत. म्हणजे तिथंही शेवटी कारागिराचा हात लागलाच.

मेहनतीचं म्हणाल, तर शिल्पकार मृणालिनी मुखर्जींचं काम मुलीसोबत बघा. मुंबईत जन्मलेल्या, बडोद्यात शिकलेल्या या बाईंनी ताग-अंबाडीसारख्या दोरांना गाठी मारमारून माणसाहून उंच देवता आणि फुलं उभी केली. माग नाही, आधी काढलेलं रेखाटन नाही. गाठीवर गाठ, एकेका कामाला महिनोन्महिने. दोर कुठल्याही बाजारात मिळतो, पण ते वजन, त्या घड्या दुसऱ्या कशात आल्या नसत्या.

तरी तुमची शंका मी मोडीत काढणार नाही. टाकाऊ वस्तू टांगायची आणि शेजारी भिंतीवर लांबलचक मजकूर चिकटवायचा, अशी कामं मी खूप बघते आणि मला राग येतो. तिथं ती वस्तू काढून दुसरी ठेवली तरी काही बिघडत नाही. वस्तूच बोलत नसेल, तर मजकूर काय करणार?

तेव्हा मुलीला रागावू नका, तिला विचारा. हे जाळं कुठल्या मासळीचं? आसाचा, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा, आकार हाच का? कुठं फाटलं, कुणी सांधलं, आणि तो सांधा तुझ्या कामात दिसतो का? ज्यानं टाकलं त्याच्याशी बोललीस का? उत्तरं आली तर तिला पडवी वापरू द्या. आली नाहीत तर तिला पुन्हा बंदरावर पाठवा, पण या वेळी गोळा करायला नको. जाळं विणणाऱ्याशेजारी बसून चार आस स्वतः विणायला. मातीकाम तिनं सोडू नये, हे माझंही म्हणणं आहे. आधाराशिवाय टांगलेला भार कुठं ओढेल, हे सांगाडा बांधणाऱ्या हातालाच आधी कळतं. आणि जाळी आत आणण्याआधी गोड्या पाण्यात नीट धुवायला सांगा. खारं पाणी मुरलेला दोर पावसाळाभर ओल धरतो, आणि त्यात लोखंडी तार असली तर ती गंजून तुटते.