सात महिन्यांच्या पॉइंटर जातीच्या कुत्र्याला परभणीच्या रानात तितरांवर शिकवता येईल का?

नाही, रानातल्या तितर-लाव्ह्यांवर नको. पण पॉइंट धरायला, म्हणजे पक्ष्याचा वास येताच जागीच थिजायला, पिल्लू अंगणातही शिकतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, तर हाकणं, पकडणं आणि तसा प्रयत्नही येतो. म्हणजे बंदूक नसली तरी पक्ष्यांमागे कुत्रा सोडणं गुन्हा ठरू शकतं. शिवाय तितर जमिनीवरच अंडी घालतं, एका मोकळ्या पिल्लाने अख्खं घरटं उधळतं.

आपला कारवान जातीचा शिकारी कुत्रा नजरेवर धावतो, पॉइंटर वासावर थिजतो, म्हणून कारवानाची शिकवण इथे चालत नाही. काठीला दोरी, दोरीला कोंबडीचा पंख बांधा. पिल्लू झेपावलं की पंख वर उचला, थिजलं की हळू आवाजात 'थांब' म्हणा. पाच मिनिटं पुरे. मात्र हा खेळ रोज नको. तो नजरेचा आहे, अति झाला की पिल्लू नाक वापरत नाही. दोन-चारदा थांबलं की पंख गवतात लपवा आणि लांब कासऱ्यावर, वारा तोंडावर घेत त्याला तिकडे न्या. उन्हाळ्यात हे दिवस उगवायच्या सुमारालाच उरका.