डेब्युसीचा संथ भाग ऐकताना

हा भाग पहिल्यांदा ऐकताना झोप लागली? मलाही लागली होती, लाजू नका. फ्रेंच संगीतकार डेब्युसीच्या १८९३च्या क्वार्टेटमधल्या (दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो अशा चौघांसाठीची रचना) तिसऱ्या, संथ भागापुरतंच सांगतो.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. सुरुवातीला वाद्यांच्या घोडीवर म्यूट, म्हणजे आवाज दाबणारे छोटे चिमटे, चढवलेले असतात. तो दबका, धुरकट आवाज हेडफोनशिवाय हाती लागत नाही.

मग कानाने फक्त व्हायोला (व्हायोलिनचा थोडा मोठा भाऊ) धरून ठेवा. मध्यावर बाकीचे मागे सरतात आणि तो एकटाच बोलू लागतो, व्हायोलिनपेक्षा खालच्या पट्टीत, किंचित घोगरा. (माझी झोप तिथेच उडाली.) पुढे आवाज चढत जातो आणि शेवटी पुन्हा सुरुवातीच्या कुजबुजीत विरतो.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- चाल लगेच गुणगुणता यायला हवी हा हट्ट
- एकाच दिवशी पाच रेकॉर्डिंगं

एकच घ्या, आठवडाभर तेच. राव्हेल (दुसरा फ्रेंच संगीतकार, त्याचाही क्वार्टेट आहे) नंतर बघू.