डॉक्टर, किती दिवसांत जुळेल?

पावसाळ्यात माझ्या टेबलावरची पत्रं वाढतात, कारण अंगणातलं शेवाळ वाढतं. तालुक्याच्या गावी तीस वर्षं हाडांचं काम करून मी निवृत्त झाले, तरी जून लागला की तेच प्रश्न. या वेळी चार पत्रं घेतली आहेत.

त्याआधी एक खुलासा. ‘फ्रॅक्चर नाही, नुसता क्रॅक आहे’ असं निम्म्या पत्रांत असतं. क्रॅक, चीर, हेअरलाइन, सगळं फ्रॅक्चरच. विचारायचं ते हे की तुकडे जागेवर आहेत की सरकलेत, आणि कातडी फाटलीय का. कातडी फाटली असेल तर प्लास्टरची नव्हे, जखम धुण्याची घाई असते.

प्रश्न : आई (वय ६४) अंगणात घसरली, उजवं मनगट मोडलं. भूल देऊन हाड बसवलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. आता काढलंय, पण मनगट थोडं वाकडं दिसतं, बोटं वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही. गावातले हाडवैद्य म्हणतात, तेल लावून परत बसवून देतो. (एक वाचक, ता. पाटण)

उत्तर : परत बसवू देऊ नका. सहा आठवड्यांत ते हाड बहुतेक जुळलेलं असतं. आता ओढाताण केली तर दुखणं वाढेल, नाहीतर ते पुन्हा मोडेल.

हेच हाड दोन वर्षांपूर्वी माझंही मोडलं, मागच्या दारच्या पायरीवर. पडताना आपण हात टेकतो, सगळं वजन तळव्यावर येतं आणि मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडून मागे ढकललं जातं. हात बाजूनं पाहिला की पालथ्या ठेवलेल्या जेवणाच्या काट्यासारखा दिसतो. मी रिक्षात बसल्या बसल्या स्वतःचं निदान करून टाकलं. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी ही मोड १८१४ साली लिहून ठेवली, एक्स-रेचा शोध लागायच्या ८१ वर्षं आधी! वाकडेपणा जन्मभर राहील, पण हात मोकळा चालेल आणि दुखणार नाही, असंही त्यांनीच लिहिलंय. आता आम्ही तेवढ्यावर थांबत नाही, कामाच्या हाताला प्लेटही बसवतो. पण थोडा बाक राहिला तरी भाकरी थापता येते, हे मी माझ्या हातावरून सांगते.

भाकरी अडलीय ती बाकामुळे नव्हे, बोटं आखडल्यामुळे. प्लास्टरमध्ये असतानाच बोटं, कोपर, खांदा हलवायचा असतो. आपल्याकडे मात्र ‘हात जपलाय’ म्हणत तो गळ्यात अडकवून ठेवतात. आता सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात हात बुडवून दहा मिनिटं मूठ उघड-मीट करू द्या. मग कणीक तिंबू द्या. भाकरी त्यानंतर, कारण थापताना मनगट मागे वळवून जोर द्यावा लागतो. पकड यायला तीन ते सहा महिने धरा. हात लाल, चकचकीत होऊन आग होऊ लागली, किंवा अंगठा एकाएकी वर उचलता येईना, तर लगेच दाखवा. हाडावर घासून अंगठा उचलणारा स्नायूचा दोर तुटलेला असू शकतो.

आणि आईंची डेक्सा तपासणी, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. उभ्याउभ्या पडून मनगट मोडणं ही हाडं ठिसूळ झाल्याची पहिली वर्दी असते. पुढची वर्दी खुब्याची असू नये.

प्रश्न : मुलगा (वय ७) जांभळाच्या झाडावरून पडला. हाताची हाडं वाकली आहेत, पूर्ण मोडली नाहीत. डॉक्टर म्हणतात, थोडा बाक राहिला तरी आपोआप जाईल. विश्वास ठेवावा का? (एक वडील, संगमेश्वर)

उत्तर : ठेवा. जांभळाची फांदी कडकन मोडते, म्हणून तर मुलं पडतात. तुमच्या मुलाचं हाड मात्र निरगुडीच्या ओल्या काठीसारखं आहे: एका बाजूनं फाटलं, दुसऱ्या बाजूची साल शाबूत. मुलांच्या हाडावरचं आवरण जाड असतं, तेच तुकडे धरून ठेवतं. तीन-चार आठवड्यांत मूल प्लास्टरनं भावंडांना बदडू लागतं. मनगटाजवळचा बाक वाढीबरोबर सरळ होतो. कोपराजवळचा तितकासा नाही, आणि हाड पिळवटून जुळलं असेल तर तो पीळ जात नाही.

मात्र प्लास्टरनंतर मूल सारखं रडत असेल आणि बोटं हळूच सरळ करताना किंचाळत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. एकदा बांबूच्या कामट्या घट्ट बांधलेलं असंच एक मूल दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणलं होतं. हाड पुढे छान जुळलं. मूठ कधीच पुरती उघडली नाही.

प्रश्न : पोलीस भरतीसाठी रोज डांबरी रस्त्यावर पळतो. महिन्यापासून नडगी दुखते. कुठे पडलो नाही, एक्स-रे नॉर्मल आहे. १६०० मीटर चुकवून चालणार नाही. (एक उमेदवार, जत)

उत्तर : अरे, न पडताही हाड मोडतं. कवायत करणाऱ्या शिपायांची सुजलेली पावलं प्रशियाच्या एका लष्करी डॉक्टरनं १८५५ सालीच नोंदवली होती. पळण्यानं हाडाला बारीक इजा होतात. शरीर झिजलेला भाग काही आठवड्यांत काढून टाकतं, नवा भरायला मात्र महिने घेतं. मधल्या काळात तू अंतर वाढवत नेलंस की चीर पडते. पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत दिसतही नाही. नंतरही कधी कधी एमआरआयच लागतो.

एका बोटानं नडगी दाबत जा. वीतभर पट्टा दुखत असेल तर बहुधा आवरणाची सूज. एकाच टिचभर जागी जीव जात असेल तर पळणं आजपासून बंद, सहा ते आठ आठवडे. सायकल, पोहणं चालेल. नडगीच्या पुढच्या कडेला चीर असेल तर पळता पळता पूर्ण पाय मोडू शकतो; मग या भरतीबरोबर पुढचीही जाईल.

प्रश्न : मोटारसायकलवरून पडून नडगीचं हाड मोडलं. रॉड टाकून पाच महिने झाले, डॉक्टर म्हणतात जुळणी कमी आहे. नाचणी, पाया सूप, कांडवेल सगळं चालू आहे. तंबाखू खातो, पण चुन्यात कॅल्शियम असतंच ना? (एक वाचक, वय ४१, बार्शी)

उत्तर : चुन्याचा हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच, तेव्हा तुम्ही एकटे नाही.

हाड जुळतं ते असं. मोडीच्या जागी रक्त गोठतं. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ कूर्चा तयार होते, म्हणून दुखणं उतरतं आणि माणसाला वाटतं, झालं. मग तिच्यात बारीक रक्तवाहिन्या शिरतात, कॅल्शियम भरतं आणि एक्स-रेवर मोडीभोवती ढगासारखा गोळा दिसू लागतो. तो गोळा घासून-पुसून हाडाला जुना घाट यायला वर्ष-दोन वर्षं जातात.

या सगळ्यात रक्तपुरवठाच कळीचा, आणि नडगी तिथेच गरीब. हात लावून बघा, पुढून नुसतं कातडं आहे, मांसाचा लेप नाही. त्यात तंबाखूतलं निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, चुन्यानं ते थांबत नाही. मग ते बिडीतून येवो, मळलेल्या चिमटीतून येवो की मिश्रीतून. मिश्री लावणाऱ्या बायका ‘आम्ही तंबाखू खात नाही’ असं शपथेवर सांगत, आणि मी प्लास्टरचे आठवडे वाढवत असे.

नाचणी खा, शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पाया सूप चवीसाठी प्या. कॅल्शियम हाडात राहतं, रश्श्यात फारसं उतरत नाही. कांडवेल कच्ची चावू नका, घसा खाजवेल; तिच्या भरवशावर तपासणी तर अजिबात चुकवू नका. ड जीवनसत्त्व आणि साखर तपासून घ्या.

पाच महिने म्हणजे हाताबाहेर गेलेली केस नव्हे; रॉड टाकलेल्या नडगीला चार ते सहा महिने लागतातच. समोरून आणि बाजूनं काढलेल्या दोन एक्स-रेत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. त्यांपैकी किती कडांवर नवं हाड पलीकडे पोचलंय, ते तुमच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा. तीनवर पोचलं असेल तर बहुतेक काम झालं. नसेल तर पायावर वजन किती द्यायचं ते विचारा, कारण दाबाशिवाय ते हाड आळशी होतं. रॉडचा एक स्क्रू काढून मोडीवर दाब येऊ देतात, तो पर्यायही विचारा. आणि दवाखान्यात जाताना डबी घरी ठेवा, नाहीतर बाहेरच्या बाकावर हात आपोआप खिशात जातो.