'टेबल इट' म्हणजे नेमकं काय करायचं?

ऐरोलीच्या ऑफिसातला तुमचा किस्सा वाचला. अमेरिकन क्लायंट कॉलवर 'लेट्स टेबल दिस' म्हणाला, तुम्ही लगेच स्लाइड उघडून बोलायला लागलात आणि नंतर मॅनेजरने सुनावलं. अगदी हेच माझ्या वाट्याला आलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचं इंग्रजी कच्चं नाही. ब्रिटिश इंग्रजीत आणि आपल्याकडे 'टेबल' करणं म्हणजे विषय चर्चेला मांडणं. विधानसभेत अहवाल 'पटलावर ठेवतात', तसंच. अमेरिकेत बरोब्बर उलटं, विषय बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ वाद घालत बसले होते, असं खुद्द चर्चिल यांनी लिहून ठेवलंय. दोघांनाही हवं होतं एकच!

मला राग आहे तो ठाण्यातल्या एका क्लासचा. नाव घेत नाही. फी घसघशीत आणि हातात झेरॉक्सचा गठ्ठा. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ, एकाला एकच. 'टेबल'समोर 'चर्चेस मांडणे'. कुठल्या देशात, कोणाशी बोलताना, त्याचा पत्ताच नाही. पुढे कॉलवर गोंधळ झाला, अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन सुधारा' असा शेरा बसला. तो कागद घेऊन विचारायला गेले तर उत्तर काय? 'मॅडम, नोट्समध्ये बरोबरच आहे.' बॅच संपली की यांची जबाबदारी संपली. नुसत्या पाठांतराने वाक्प्रचार येत नाहीत, हे माझं ठाम मत आहे. सगळेच क्लास असे नसतील, मी एकच पाहिलाय.

वाक्यात 'टेबल'नंतर 'फॉर नाऊ' किंवा 'अनटिल नेक्स्ट वीक' आलं की समजा, विषय पुढे ढकलला. ब्रिटिश माणूस 'टेबल अ मोशन' म्हणाला तर ठराव मांडायचाय. शंका आली की तिथल्या तिथे 'नाऊ ऑर लेटर?' विचारून घ्या, कोणी काही म्हणत नाही. कॉलवर दोन्हीकडची माणसं असतील तर स्वतः हा शब्द वापरूच नका, सरळ 'पोस्टपोन' म्हणा. 'ऑन द टेबल' मात्र बिनधास्त वापरा. ऑफर 'ऑन द टेबल' आहे म्हणजे ती समोर आहे, विचाराधीन आहे, दोन्ही देशांत तेच.

केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात अशा अर्थांपुढे 'यूके', 'यूएस' अशी खूण असते, फुकट बघता येतं. जाता जाता 'रिव्हर्ट'ही बघून घ्या. आपण मेलमध्ये 'उत्तर द्या' म्हणून सर्रास लिहितो, अमेरिकन माणूस त्याचा अर्थ 'पूर्वीसारखं करा' असा घेतो.