पहिल्या पावसात रानभाज्या शोधायच्यात? आधी टाकळा शिक
अरे मस्तच, नक्की जा! फक्त पहिल्याच वर्षी दहा भाज्यांच्या मागे लागू नकोस, एकटा टाकळा धर. एकेका पानाला गोलसर छोट्या पानांच्या तीन जोड्या आणि संध्याकाळ झाली की ती मिटतात, हे दोनतीनदा स्वतः बघ, मगच खूड. फुलं यायच्या आधीची कोवळीच घे, जून पानं कडू लागतात.

नवीन लोक चुकतात ते म्हणजे
- मोबाईलवरच्या फोटोवरून ओळखतात. गावातल्या जाणत्या मावशींसोबत जा, शंका आली तर सोडून दे
- हायवेच्या कडेचं, तणनाशक मारलेल्या बांधावरचं उचलतात
- मुळासकट उपटतात, नुसते शेंडे खुड ना, परत फुटतात

शेवळं ही दुसरी रानभाजीही दिसेल पण आत्ता नको, शिजवताना त्यात काकडं (एक रानफळ) किंवा चिंच नीट पडली नाही तर घसा भयंकर खाजतो.